सागर रविवार, नागपूर

जुलैच्या दुसऱ्या रविवारी अनेक चर्चमध्ये जहाजांवर काम करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी प्रार्थना होते. त्याला सागर रविवार म्हणतात. मुंबईत किंवा कोचीत तो पाळला जातो याचं कुणाला नवल वाटत नाही. यंदा मात्र नागपूरच्या काही घरांनी मिळून माझ्या मावशीला आणि काकांना बोलावणं धाडलं, आणि त्यांच्याबरोबर मीही निघाले. दोघं मूळचे नागपूरचेच. आधी पुस्तकं घेऊन जगभर फिरणाऱ्या जहाजावर आणि नंतर मुंबईच्या बंदरांत, असं त्यांचं सगळं आयुष्य खलाशांच्या सोबतीने गेलं. त्यांच्याविषयी लिहावं असं फार दिवस मनात होतं. हा प्रवास घडला आणि लिहायला बसले.

गुरुवार

विदर्भ एक्सप्रेसने कल्याण सोडलं तशी मावशीने पिशवीतून लोकर काढली. बंदरावरच्या तिच्या कामात लोकरीच्या टोपीला मोठा मान आहे. आपल्याकडे घामाच्या धारा लागलेल्या असतात, पण इथून सुटलेलं जहाज काही आठवड्यांनी कुठल्या थंड समुद्रात असेल याचा नेम नाही. घाईघाईत करारावर सही करून आलेल्या पोरांजवळ पुरेसे गरम कपडे नसतात. टोपी घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी हात दुखले तरी चालतील, असं ती म्हणते.

काकांचे वडील अजनीच्या शेडमध्ये फिटर होते. आयटीआय करून काकांचाही हात डिझेल इंजिनावर बसला होता, रेल्वेत चिकटले असते तर घरी सगळ्यांना बरंच वाटलं असतं. मावशी तेव्हा नर्सिंग शिकत होती. जानेवारी १९८८ मध्ये एका रविवारी चर्चमध्ये बातमी सांगण्यात आली की 'लोगोस' नावाचं पुस्तकांचं जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, बीगल सामुद्रधुनीत, खडकावर चढून कायमचं निकामी झालं. त्यावर सुमारे १४० माणसं होती आणि सगळीच्या सगळी वाचली. मावशीला त्या दिवशी जहाजापेक्षा माणसांचंच वाटलं. पुस्तकं विकायला, आजाऱ्यांना भेटायला, शाळा रंगवायला देशोदेशीची माणसं बिनपगारी जहाजावर राहतात, हे तिने पहिल्यांदा ऐकलं, आणि ते तिच्या मनातून गेलंच नाही. लग्नाची बोलणी चालली तेव्हा तिने काकांना ते आधीच सांगून टाकलं. काका म्हणाले, "जहाजालाही इंजिन असतंच ना?"

पुढे दोघं गेले ते 'डूलोस'वर. ते जहाज १९१४ साली अमेरिकेत न्यूपोर्ट न्यूज इथे बांधलेलं, म्हणजे टायटॅनिक बुडाल्यानंतर दोनच वर्षांनी. मालवाहू म्हणून निघालं, मग प्रवासी झालं, नावं बदलत गेली, आणि १९७८ पासून २००९ च्या अखेरीपर्यंत ते ऑपरेशन मोबिलायझेशन या ख्रिस्ती संस्थेकडे होतं. कप्तानापासून आचाऱ्यापर्यंत पगार कुणालाच नाही. ज्याचा त्याचा खर्च ज्याच्या त्याच्या चर्चच्या मंडळीने आणि नातलगांनी उचलायचा. या दोघांसाठी अजनीच्या रेल्वे कॉलनीतून दर महिन्याला पाकिटं निघत. काकांना अजूनही कुणी किती दिले ते नावानिशी आठवतं. इगतपुरी येईपर्यंत ते मला ती नावंच सांगत होते. त्यातली बहुतेक माणसं आता नाहीत.

बंदराला लागलं की वर डेकवर पुस्तकांचं प्रदर्शन भरायचं आणि बाकीची माणसं गावात जायची. मावशी दवाखान्यांत, तुरुंगांत, अनाथाश्रमांत जात असे. काका हातात पाने घेऊन कुठे शाळेचा पंप, कुठे रुग्णालयाचं जनरेटर दुरुस्त करत. त्यांच्या बोलण्यात उपदेश फार थोडा असतो. नट, बोल्ट आणि गळती यांच्यावरच ते जास्त बोलतात, आणि त्यातूनच मला त्यांचा विश्वास कळत आला आहे.

शुक्रवार

सकाळी सेवाग्राम गेलं, बुटीबोरी गेलं, आणि काका दाराशी जाऊन उभे राहिले. अजनीला कंटेनरचा डेपो दिसतो. निळे, तांबडे, गंजलेले डबे एकावर एक रचलेले. "यातला एखादा परवा न्हावाशेव्याच्या बंदरात असेल," काका म्हणाले. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात मालावर कस्टमची मोहर लागते आणि पेटी थेट बंदराकडे निघते. नागपूरच्या लोकांना समुद्र परका वाटतो, पण ज्या पेटीतून घरचा टीव्ही किंवा कारखान्याचं यंत्र आलं ती कुणीतरी वादळात बांधून धरलेली असते. तो कुणीतरी कधीकधी नागपुरातल्या इंदोऱ्याचा किंवा जवळच्या कामठीचाही असतो.

नागपूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, सगळ्या स्टेशनांवर असते तशी, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे. काकांनी तिच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला. मग तर्री पोहे. मावशीने तर्री दोनदा मागितली आणि डोळे पुसत खाल्ले.

दुपारी पाऊस उघडला तेव्हा आम्ही सीताबर्डीला, म्युर मेमोरियल रुग्णालयाकडे गेलो. स्कॉटिश मिशनने स्त्रियांसाठी सुरू केलेलं हे रुग्णालय. मावशीची पहिली नोकरी इथली. ती आवारात थोडा वेळ हिंडली, पण आत ओळखीचं कुणी नव्हतं. रात्रपाळीत एकटीने वॉर्ड सांभाळायला इथे शिकले, तेच जहाजावर कामी आलं, एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मोहननगरात एका घरी बसणं झालं. सात-आठ कुटुंबं आली होती. यातल्या अर्ध्या घरांचा चर्चशी काही संबंध नव्हता, आणि ते मला फार चांगलं वाटलं. काकांचा एक जुना नेम आहे: जहाजावर चढल्यावर आधी विचारायचं, जेवलास का? घरी बोलणं झालं का? धर्माचं समोरच्याने काढलं तरच आपण बोलायचं. मदत करताना अट घालायची नाही. खलाशांची ही सेवा दीडशेहून जास्त वर्षं टिकली ती याच नेमामुळे, असं माझं मत आहे.

काकांनी तिथे जॉन अ‍ॅशलींची गोष्ट सांगितली. १८३५ साली इंग्लंडमधला हा तरुण पाळक मुलासोबत ब्रिस्टलच्या खाडीकाठी उभा होता. समोरच्या बेटावरची माणसं चर्चला कशी जात असतील, असं मुलाने विचारलं. ते बघायला अ‍ॅशली होडीतून गेले, आणि तिथून त्यांचं लक्ष वाऱ्याची वाट बघत नांगरून पडलेल्या जहाजांकडे गेलं. त्या खलाशांकडे कुणीच जात नव्हतं. त्यांनी मिळू घातलेली जागा सोडली आणि जहाजाजहाजांवर जायला सुरुवात केली. त्यातूनच १८५६ साली खलाशांसाठीची मोठी अँग्लिकन संस्था उभी राहिली, तिचं चिन्ह उडता देवदूत. कॅथलिकांचं असंच काम १९२० साली ग्लासगोत सुरू झालं, आज ते 'स्टेला मारिस' या नावाने चालतं.

शनिवार

हा दिवस घरोघरी जाण्याचा होता आणि माझ्यासाठी या प्रवासातला सर्वांत मोठा.

पहिलं घर इंदोऱ्यात. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मावशीने चपला काढून आधी दोन्ही तसबिरींना हात जोडले. घरचा मुलगा मालवाहू जहाजावर साधा खलाशी आहे. नऊ महिन्यांचा करार, त्यातले पाच झाले. त्याच्या आईच्या मनात एकच खदखद होती. "पोरगं इथं होतं तं दिवसभर फोनवर राह्यचं. आता पंधरा-पंधरा दिवस बोलत नाही. काहून बरं? काही लपवून तं नाही राह्यलं?"

काकांनी कागदावर चित्र काढून तिला समजावलं. दिवसाचे चार-चार तासांचे पहारे, पोराच्या वाट्याला बारा ते चारचा. दुपारचाही आणि मध्यरात्रीचाही. जहाज पुढे सरकलं की घड्याळही सरकतं. इंटरनेट उपग्रहावरून मिळतं, त्याला मर्यादा असते, सगळ्या जहाजांवर ते सारखं नसतं. बंदरात लागलं तरी कंटेनरचं जहाज पूर्वीसारखं आठवडाभर थांबत नाही, कधी दिवसभरात निघतं, आणि तेवढ्यात माल, पाहण्या, कागद, दुरुस्ती. खाली उतरून गावात चक्कर मारणं अनेकांना मिळतच नाही. म्हणूनच काकांसारखी माणसं सिमकार्ड खिशात घालून शिडीने वर जातात. आई चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे रात्री मी झोपलेली राह्यते तवा तो जागा राह्यते." मावशीने तिला मेसेजऐवजी बोललेला आवाज पाठवायला शिकवलं, नेट लागेल तेव्हा पोराला ऐकता येईल. आईने पहिल्याच आवाजात घरच्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं सांगितलं.

दुसरं घर गड्डीगोदामात. इथे वेगळंच दुखणं होतं. जहाजावर नोकरी लावतो म्हणून एका दलालाने काही लाख रुपये घेतले, पोराला परदेशात नेऊन सोडलं आणि फोन बंद केला. पोरगा परत आला तो कर्ज घेऊनच. वडील मान खाली घालून बसले होते. मावशी त्यांच्या शेजारी पाटावर जाऊन बसली.

काकांनी जे सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहिते, विदर्भातल्या पोरांच्या कामी येईल. जहाजावर माणसं भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. परवाना क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार, एमएलसी २००६, हा २०१३ पासून लागू आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, वैद्यकीय तपासणी यांचा खर्च वेगळा. कुणी नोकरीचा भाव सांगितला की तिथून उठायचं. "क्रमांक तपासायच्या आधी एक रुपयाही नको," असं काकांनी पोराच्या वहीत लिहायला लावलं. पैसे दिल्याचे पुरावे, मेसेज, बँकेची नोंद हे सगळं त्यांनी तारखेप्रमाणे लावलं. सोमवारी पोलिसांत आणि महासंचालनालयाकडे तक्रार द्यायची ठरली. पैसे मिळतील असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

कामठीला पोचेपर्यंत पाऊस लागला. तिथे भेटायचं होतं त्या माणसाचा आवाज काकांना ओळखीचा होता, चेहरा नव्हता. तो आखातात सोडून दिलेल्या जहाजावर अडकला होता. मालकाने पगार थांबवला, मग डिझेल थांबलं, मग अन्न. जहाज नांगरावर आणि माणसं त्यात. बंदराचे लोक खाली उतरू देत नव्हते, कारण जहाज बिनमाणसाचं ठेवता येत नाही. कित्येक महिने रात्री काकांच्या फोनवर त्याचा फोन यायचा, बोलायला काही नसायचं तरी यायचा. एमएलसीत नंतर झालेल्या दुरुस्तीनुसार दोन महिने पगार थकला तरी खलाशाला सोडून दिलं असं धरता येतं. चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळायला हवा. त्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असं लावायचं असतं. जहाजावर चढल्या दिवशीच त्याचा फोटो काढून घरी पाठवा, असं काका प्रत्येक पोराला सांगतात. या माणसाच्या जहाजावर ते प्रमाणपत्र मुदत संपलेलं होतं.

त्याच्या बायकोने जेवायला वाढलं. पोळी, वांग्याची भाजी, ठेचा, बुंदीचा रायता. भात नव्हता. ती हळूच मावशीला म्हणाली, यांना भात बघवत नाही, तिथे शेवटचे महिने नुसताच भात होता. पोरांना भात लागला तर ती शेजारी पाठवते. जेवण झाल्यावर त्याने कॅरम काढला. काका आणि तो दोन तास खेळले. जहाजाचा विषय निघाला नाही. काकांनी काढलाही नाही. निघताना तो फाटकापर्यंत भिजत आला आणि म्हणाला, "तुमचा फोन चालू राहू द्या जी."

परतताना मावशी गाडीत रडली. इतक्या वर्षांनीही तिला हे जड जातं, आणि तसं ते जड जात राहावं असं मला वाटतं.

रविवार

सदरमधल्या एका छोट्या मंडळीत उपासना होती. पाळकसाहेबांनी बायबलमधलं स्तोत्र १०७ वाचलं. जहाजांतून जाऊन मोठ्या पाण्यावर कामधंदा करणारे, लाटांनी वर चढणारे आणि खाली जाणारे, संकटात हाक मारणारे, हे सगळे त्या स्तोत्रात आहेत. मग मावशी उभी राहिली. ती नेहमी थोडंच बोलते. २०२० साली टाळेबंदीत जगभर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते, त्या दिवसांविषयी ती बोलली. जहाजावर चढायला बंदी असल्यामुळे धक्क्यावरून दोरीला पिशवी बांधून द्यावी लागे. वरून कठड्याशी आलेला मुलगा पिशवी ओढून घ्यायचा आणि मग तिथेच उभा राहून बोलत राहायचा, ती खालून मान वर करून ऐकायची. मान दुखते का, असं एकाने वरून विचारलं होतं. तो कुठल्या देशाचा होता हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

नंतर नावं वाचली गेली. जो जो जहाजावर आहे त्याचं नाव, धर्म न विचारता. इंदोऱ्याची आई नवऱ्याला घेऊन आली होती, मागच्या बाकाशी उभी होती. मुलाचं नाव आलं तशी तिने पदर डोक्यावर घेतला.

दुपारी आम्ही ऑल सेंट्स कॅथेड्रलला गेलो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते इथेच. काकांचे वडील त्या दिवशी गर्दीत होते. काका तेव्हा लहान, वडिलांच्या खांद्यावर. त्यांना फक्त मांडव आठवतो.

सोमवार

सकाळी तक्रार नोंदवण्यात वेळ गेला. काका वडील-मुलाला घेऊन गेले, मी आणि मावशी बाहेर थांबलो. नोंद झाली.

मग टाकळघाट. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीला लागूनच हे गाव आहे. तिथे जायची इच्छा मावशीची होती, स्टीफन हिस्लॉप यांच्यासाठी. ज्यांच्या नावाने १८८३ साली नागपूरचं कॉलेज निघालं ते हे. स्कॉटलंडहून पत्नी इरॅस्मा यांच्यासह समुद्रमार्गे ते मुंबईला उतरले आणि १८४५ मध्ये नागपुरात आले. रेल्वे इथे १८६७ मध्ये आली, म्हणजे मुंबईपासूनचा सगळा रस्ता जनावरांच्या पाठीवर आणि गाड्यांतून. भोसल्यांचं राज्य अजून होतं. त्यांनी शाळा काढली, दगडांतले जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी लिहून घेतली. गोंडांवरचं त्यांचं टिपण त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी छापलं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन काळी गोलात मांडलेले दगड, पाहून घोड्यावरून परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस होते.

एवढा समुद्र ओलांडून आलेला माणूस इथल्या ओढ्यात गेला, हे मावशीच्या मनाला फार लागलेलं आहे. पण तिला त्याहून इरॅस्माबाईंविषयी वाटतं. नवऱ्याबद्दल पुस्तकं आहेत, पाटी आहे, कॉलेज आहे. अठरा वर्षं नागपूरच्या उन्हाळ्यात ज्यांनी घर चालवलं त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मावशी म्हणाली, "डूलोसवर माझ्याकडे बघून लोक विचारायचे, तुम्ही इंजिनिअरच्या मिसेस का? मी म्हणायची, नाही, मी दवाखान्यातली नर्स, ते माझे मिस्टर." काका शेजारी उभे राहून मनापासून हसले. मिशनच्या इतिहासात बायकांची नावं शोधून लिहायला हवीत, असं मला त्या शेतात उभं राहून पक्कं वाटलं.

वर्तुळांतले दगड गवतात अर्धे बुडाले होते. नागपूर विद्यापीठाने इथे उत्खनन केलं आहे, लोखंडाच्या वस्तू आणि मडकी निघाली. आम्ही ओढ्यापर्यंत गेलो. पाणी गढूळ आणि वेगात होतं. काकांनी मला पुढे जाऊ दिलं नाही.

मंगळवार

गाडी संध्याकाळची. दिवसभर माणसं भेटायला येत राहिली. मोहननगरच्या त्याच घरी महिन्यातल्या एका शनिवारी सगळ्यांनी जमायचं ठरलं. कामठीच्या माणसाने निरोप पाठवला की नव्याने जाणाऱ्या पोरांना करार कसा वाचायचा ते तो शिकवील, फक्त जास्त लोकांसमोर बोलायला लावू नका. गड्डीगोदामच्या मुलाने परवाना क्रमांक तपासण्याची पद्धत मराठीत लिहून फोनवर सगळ्यांना पाठवली. सगळ्यांचे नंबर, पोरांच्या जहाजांची नावं आणि करार संपण्याच्या तारखा ठेवायचं काम माझ्याकडे आलं. रात्री गाडीत मी ती यादी पहिल्यांदा नीट लिहून काढली. इंदोऱ्याच्या मुलाचं जहाज पुढच्या आठवड्यात न्हावाशेव्याला लागणार आहे, असं काकांनी तपासून सांगितलं. मावशीने त्याच्यासाठी निळी टोपी बाजूला ठेवली. कुत्रीच्या पिल्लांचे फोटो तिने आईकडून आधीच मागवून घेतले होते.